येथे गाभा सुटा मिळेल

तुमच्याकडे एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि ती नीट चालते. हीच तर पहिली अडचण. नीट चालणाऱ्या गोष्टीकडे कोणी ढुंकून बघत नाही. तेव्हा तिचा गाभा फोडायला घ्या.

फ्रीबीएसडी या फुकट मिळणाऱ्या, युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमचंच बघा. १९९३ पासून ती बनवणाऱ्या मंडळींनी कर्नल (हार्डवेअर हाताळणारा भाग), शेल (आज्ञा घेणारा), सी लायब्ररी, कंपायलर, झालंच तर मॅन पेजेस, म्हणजे आज्ञांची मदतपुस्तिका, सगळं एकाच छपराखाली वाढवलं, एकत्र बिल्ड केलं, एकत्र तपासलं. इन्स्टॉल करताना बेसचं एक गाठोडं, कर्नलचं एक, आणखी दोन-चार किरकोळ. बाहेरून आणलेलं सॉफ्टवेअर मात्र यूएसआर-लोकल नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, चपला काढून ओसरीवर बसवल्यासारखं. ॲडमिनला झोपेतून उठवून विचारलं तरी घरचे कोण आणि पाहुणे कोण हे तो सांगायचा. इतकं सोपं राहू देणं बरं नव्हे. म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या १५.० चा इन्स्टॉलर विचारतो: जुनी गाठोडी हवीत, की पॅकेजेस? म्हणजे सुटे टाकता-काढता येतील असे गाभ्याचेच शेकडो तुकडे. १६ व्या आवृत्तीत हे विचारण्याचीही तसदी घ्यायची नाही, असा बेत आहे.

तुम्ही फोडाल तेव्हा बारीक फोडा. लायब्ररी वेगळी, तिच्या हेडर फाइल्स वेगळ्या, डीबग सिंबॉल्स वेगळे. मॅन पेजेस तर आवर्जून वेगळी काढा. इंटरनेट बंद पडल्यावरच माणसाला त्यांची आठवण होते, आणि नेमकी तेव्हाच ती नसावीत. डेबियन या लिनक्सने पायथन भाषेच्या बाबतीत हे फार पूर्वीच साधलं. पायथन असतो, पण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एकेका प्रोजेक्टची वेगळी पायथन-खोली) करायला गेलात की त्याचं पॅकेज वेगळं टाका म्हणून निरोप येतो. बटाटेवडा घेतला, पाव पुढच्या गल्लीत.

एवढे तुकडे झाले की ते उचलणार कोण, असा प्रश्न येईल. त्यासाठी संच करा. फ्रीबीएसडीत मिनिमल नावाचा संच आहे, बेस नावाचा आहे, डेव्हलपर मंडळींसाठी आणखी एक आहे. म्हणजे वाड्याच्या तीनशे खोल्या पाडायच्या, तीनशे कुलपं लावायची, आणि सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात ओवून पुन्हा आजीच्याच कमरेला द्यायच्या. आजी आधीही सगळ्या घरात फिरत होती. आता फक्त खुळखुळ आवाज येतो.

(फायदे नाहीतच असं नाही. जुन्या पद्धतीच्या मोठ्या अपग्रेडला मी दोन-दोन चहा संपवले आहेत, आणि जेलमध्ये (फ्रीबीएसडीतला प्रोग्रॅमसाठीचा बंदिस्त कप्पा) कंपायलर नको असतो हेही कबूल. पण उपरोधिक लेखात असली कबुली कंसातच द्यायची असते.)

आता जुन्या लोकांच्या सवयींकडे वळा. फ्रीबीएसडीवाल्यांच्या बोटांना एक आज्ञा पाठ आहे: पीकेजी डिलीट, पुढे ए, एफ आणि वाय. अर्थ असा की सगळी पॅकेजेस काढ आणि मला विचारू नकोस. पूर्वी याने ओसरी रिकामी व्हायची, घर जागेवर. आता घरही पॅकेजेसचंच, त्यामुळे पाहुण्यांबरोबर यजमानही निघू शकतात, हे चाचणीच्या काळात लोकांच्या ध्यानात आलं आणि चांगलीच जुंपली. तुम्ही गोंधळू नका. शांतपणे म्हणा, 'तुम्हीच नको विचारू म्हणालात.'

विचारूनही फरक पडत नाही म्हणा. २०२१ मध्ये यूट्यूबवाल्या लायनस सेबॅस्टियनने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेम्सचं दुकान टाकायला घेतलं. आवश्यक पॅकेजेस काढली जातील, खात्री असेल तर 'येस, डू ॲज आय से' असं टाइप करा, असं सिस्टीमने बजावलं. त्याने इमानेइतबारे टाइप केलं. डेस्कटॉप गेला.

शेवटी माझा अनुभव, म्हणजे तुम्हाला हुरूप येईल. एका क्लायंटकडे कंटेनरची इमेज, म्हणजे ॲप्लिकेशन ज्यात चालतं ती छोटी बांधीव सिस्टीम, अशीच सडपातळ केली होती. रात्री पावणेतीनला डेटाबेस लागेना. आत शिरलो, नेटवर्क तपासणारं पिंग टाइप केलं: कमांड नॉट फाउंड. चालू प्रोग्रॅम दाखवणारं पीएस: नाही. फाइल वाचायचं लेस: नाही. ती बदलायचं व्हीआय तर नाहीच. पॅकेज आणावं तर नेटवर्कच बंद. म्हणजे ज्या नेटवर्कची छाती तपासायची, त्याच नेटवर्कवरून स्टेथोस्कोप मागवायचा. नशिबाने फाइल नुसती छापून दाखवणारं कॅट शिल्लक होतं. त्याने रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ ही सेटिंगची फाइल उघडली, तर डीएनएसचा, म्हणजे नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता भलताच. सव्वाचारला झोपलो. इमेजचे चाळीस एमबी वाचवले म्हणून त्या टीमचं मीटिंगमध्ये कौतुक झालं होतं. तिच्यावर चढवलेलं ॲप्लिकेशन दीड जीबीचं.

सकाळी मी तिकीट टाकलं: 'कृपया इमेजमध्ये पिंग ठेवावं.' दुपारपर्यंत उत्तर आलं आणि तिकीट बंदही झालं. 'पिंग ऐच्छिक आहे. गरज पडेल तेव्हा नेटवर्कवरून इन्स्टॉल करून घ्यावं.'