धुक्यातच रुसणारा दिवा

सलग तिसरा पावसाळा. ताम्हिणीत ढग रस्त्यावर उतरले, मी फॉग लाइटचं बटण दाबलं आणि डावा दिवा ढिम्म! एरवी पार्किंगमध्ये लखलखतो. गॅरेजवाल्यासमोर तर जास्तच. आधी बल्ब बदलला, मग सॉकेट. आत बघावं तर पाणी, पिनांवर हिरवा गंज. आता म्हणे, ‘साहेब, अख्खं युनिटच टाका.’ बंपरच्या तळाशी, जिथे प्रत्येक डबकं थेट येऊन आदळतं, तिथल्या दिव्यात पाणी शिरू नये एवढीच अपेक्षा होती हो.

त्यावर मेहुण्यांचं ज्ञान: ‘डीआरएल आहेत ना, फॉग लाइट लागतातच कशाला?’ अहो, डीआरएल म्हणजे दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे; ते आपण इतरांना दिसावं म्हणून असतात, आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नाही! आणि बऱ्याच गाड्यांत त्यांच्यासोबत मागचे दिवे लागतच नाहीत. पुढून दिवाळी, मागून अमावस्या. परवा घाटात अशीच एक करडी गाडी अचानक बॉनेटसमोर उगवली. आतल्या गृहस्थांना वाटत असणार, दिवे चालू आहेत. युरोपात २०११पासून मोटारींच्या नव्या मॉडेल्सना डीआरएल सक्तीचे झाले, तिथेही मागच्या अंधाराची हीच बोंब.

आपल्याकडे २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो. तरी मी दुचाकीवर असलो की रोज कोणीतरी पंजा उघडमीट करून मला ‘लाइट, लाइट’ खुणावतंच. आणि माझा डावा फॉग? आज ऊन पडलंय. लागलाय मेला.