बोगद्याचं तिकीट

डोंगर बघायला जायचं आणि डोंगराच्याच पोटात बसून राहायचं, हा योग आम्हाला स्वित्झर्लंडमध्ये आला. आयगर, म्योंख आणि ४१५८ मीटर उंचीची युंगफ्राउ ही तीन शिखरं तिथे शेजारीशेजारी उभी आहेत. खाली इंटरलाकेन गावातून युंगफ्राउ फुकट दिसते, हे मात्र आमच्या टूर कंपनीने (नाव घेत नाही, डिपॉझिट परत यायचंय) सांगितलं नव्हतं.

वाटेत लाउटरब्रुनेनच्या दरीत श्टाउबबाख धबधबा कड्यावरून जवळजवळ ३०० मीटर खाली कोसळतो. तो बघायला तिकीट नाही, म्हणून आम्हाला वेळही नव्हता. क्लाइन शायडेगला दातेरी रुळांच्या गाडीत बसलो आणि थोड्याच वेळात अंधार झाला. सात किलोमीटरहून जास्त बोगदा.

"बोगदेच बघायचे तर खंडाळ्याच्या घाटात काय कमी आहेत?" बायको म्हणाली. "तिथे मध्ये मध्ये उजेड तरी येतो."

मी इतिहास काढला. आडोल्फ गायर-झेलर नावाचा उद्योगपती १८९३ मध्ये मुलीबरोबर या डोंगरांत फिरत असताना त्याला या रेल्वेची कल्पना सुचली.

"मुलीने अडवलं नाही?" साडूंनी विचारलं.

१८९६ ला काम सुरू झालं, १८९९ ला तो वारला, गाडी वर पोचली १९१२ मध्ये. मूळ बेत युंगफ्राउच्या माथ्यापर्यंत जायचा, शेवटी लिफ्टसुद्धा होती. पैसे संपले म्हणून खिंडीतच थांबले.

"म्हणजे एवढे पैसे घेऊन अर्धवट काम दाखवतायत," साडू म्हणाले. मला काही उत्तर सुचलं नाही. ज्या आयगरची उत्तर भिंत १९३८ मध्ये चौघांनी जिवावर उदार होऊन पहिल्यांदा सर केली, त्याच्या आतल्या बाजूला आत्या बेसनाचे लाडू वाटत होत्या.

मध्ये आइसमेर स्टेशनला गाडी थांबते. कातळात मोठी खिडकी आहे. काचेपलीकडे सगळं पांढरं.

"हे बर्फ की धुकं?" आत्यांनी विचारलं.

"दोन्ही, आत्या. चला, पाच मिनिटं झाली," टूर मॅनेजर म्हणाला.

युंगफ्राउयोख, ३४५४ मीटर. हवा इतकी विरळ, की जिन्याच्या चार पायऱ्या चढून माणूस मृत्युपत्राचा विचार करतो. आत्या मात्र पुढे. गच्चीवर आलो तर ढग. कठड्यापलीकडे जग नव्हतंच. मी तरी हात लांब करून सांगितलं, "ही इथून सुरू होते ती अलेच हिमनदी. वीस किलोमीटरच्या वर लांब, आल्प्समधली सगळ्यात मोठी. २००१ मध्ये जागतिक वारसा झाली." घरच्यांनी ढगाकडे आदराने पाहिलं. शेजारच्या नागपूरच्या कुटुंबाने माझ्या बोटाच्या दिशेने फोटोही काढले.

तेवढ्यात जेवणाची हाक आली. कूपनवर वेळ छापलेली, चुकली तर वरणभात गेला. थांबूया का, असं मी विचारून पाहिलं. बहुमत वरणाच्या बाजूने होतं, आणि वरण खरोखर चांगलं होतं.

हात धुऊन परततो तर नागपूरकर समोरून धावत आले. "काका, तुम्ही खाली गेले अन् ढग हटले ना! बरोब्बर तुमच्या बोटाखालीच होती हो हिमनदी!" मी गच्चीकडे पळालो. म्हणजे मनाने पळालो, शरीर पायरीपायरीने आलं. वर पुन्हा ढग.

साडूंनी तोवर नागपूरकरांचा नंबर घेतला होता. परतीची गाडी सुटायच्या आत तो फोटो त्यांच्या स्टेटसवर चढला. खाली लिहिलं होतं, "याचि देही, याचि डोळा."