कुळागरातला व्हिडिओ बटणसेलवर घरी येत नाही

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या कुळागरवाल्या (पोफळीच्या बागा असलेल्या) बागायतदारांच्या ग्रुपांवर एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. बटणसेलवर चालणारे कॅमेरे पोफळींना बांधा, एका नोडकडून (रेडिओ लावलेल्या छोट्या यंत्राकडून) दुसऱ्याकडे असं करत रात्री शिरलेल्या गवेरेड्यांचा व्हिडिओ थेट घरी येईल. सिम नको, टॉवर नको, सेल दहा वर्षं चालेल. जवळची वाट नेटवर्क आपणच शोधतं आणि नोड वाढवाल तसा वेग वाढतो. गव्यांनी आणि खेत्यांनी (माकडांनी) जेरीस आलेल्या माणसाचा हात खिशाकडे जाणारच. जाण्यापूर्वी एवढं वाचा.

‘सेल दहा वर्षं चालेल.’ तापमान मोजणाऱ्या नोडचा बराच काळ चालतो, कारण तो अधूनमधून जागा होऊन चार आकडे पाठवतो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्याचा व्हिडिओ पुढे सरकवणाऱ्याला मात्र जागंच राहावं लागतं, आणि रेडिओला ऐकणं हे बोलण्याइतकंच महाग पडतं. सीसी२४२० ही या कामातली जुनी, भरपूर वापरलेली चिप. पूर्ण ताकदीने पाठवताना ती १७.४ मिलिअँपिअर घेते, ऐकताना १८.८. सीआर२०३२ बटणसेलात साधारण २२५ मिलिअँपिअर-तास असतात. भागाकार केला की बारा तास येतात, तेही कॅमेरा बंद ठेवून. प्रत्यक्षात इतका करंट सलग ओढला तर तो सेल तेवढाही तग धरणार नाही.

‘एकाकडून दुसऱ्याकडे करत व्हिडिओ पोचेल.’ खरी गोम इथे आहे. झिगबी हे अशा नोडांचं कमी वीज खाणारं रेडिओ नेटवर्क ज्यावर चालतं त्या ८०२.१५.४ मानकाचा २.४ गिगाहर्ट्झवरचा वेग सेकंदाला २५० किलोबिट. हेडर (पत्ता वगैरे माहिती), पोचपावत्या आणि वाट बघणं वजा जाता हाती निम्मा उरला तरी नशीब. त्यात एकाच चॅनलवर मधला नोड ऐकत असताना बोलू शकत नाही, तो बोलतो तेव्हा शेजाऱ्यांना गप्प बसावं लागतं. तीन टप्प्यांत (नोड ते नोड एक टप्पा) वेग तिसऱ्या हिश्शावर येतो, म्हणजे चाळीसेक किलोबिट. गवा की म्हैस हेही धड कळू नये असा बारका व्हिडिओसुद्धा याहून जास्त मागतो.

बरं, व्हिडिओ सोडा, दहा किलोबाइटचा एक फोटो घ्या. रेडिओ एका वेळी पाठवतो ते पॅकेट जास्तीत जास्त १२७ बाइटचं, त्यात मजकुराला शंभरेक. म्हणजे फोटोची शंभर पॅकेटं झाली. वाटेत पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरातली नव्याण्णव पॅकेटं पार होतात असं धरू. एक पॅकेट शेवटपर्यंत जाण्याची शक्यता ९५ टक्के, म्हणजे ऐकायला झकास. पण शंभरच्या शंभर पोचण्याची शक्यता एका टक्क्याहूनही कमी! म्हणून दर टप्प्याला पावती घ्यायची, हरवलेलं पुन्हा पाठवायचं. त्यात वेळही जातो आणि सेलही. व्हिडिओत तर सगळी पॅकेटं सारख्या मोलाची नसतात. बाकीच्या फ्रेम ज्याच्या आधारे बनतात त्या पूर्ण चित्राला आय-फ्रेम म्हणतात; तिच्यातलं एखादं गेलं की पुढची आय-फ्रेम येईपर्यंत चित्र फाटलेलं दिसतं. चांगली राउटिंग (वाट ठरवण्याची) पद्धत हे ओळखून आय-फ्रेमला भरवशाची वाट देते आणि गर्दी झाली तर बाकीच्यांवर पाणी सोडते. फिरत्या मजकुरात याचा उल्लेखही नाही.

‘जवळची वाट नेटवर्क शोधतं.’ कमीत कमी टप्पे म्हणजे लांब लांब उड्या, आणि लांब उडीत पॅकेटं जास्त गळतात. म्हणून तर २००३ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ईटीएक्स हे माप मांडलं: एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागतं? २०१२ च्या आरपीएल या राउटिंग मानकासोबत हे माप सर्रास वापरतात. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. मे महिन्यात चाचणी घेऊन ठरवलेली वाट जुलैत कामाची राहीलच असं नाही. या रेडिओच्या लहरींना पावसाच्या सरींनी फारसं काही होत नाही, पण पोफळ, केळ आणि मिरवेलीची भिजलेली पानं त्या शोषून घेतात.

‘नोड वाढवा, वेग वाढेल.’ उलट. सगळी रहदारी घराजवळच्या दोन-तीन नोडवरून जाते, तिथेच कोंडी होते आणि त्यांचेच सेल आधी संपतात. गुप्ता आणि कुमार या संशोधकांनी २०००मध्येच गणिताने दाखवलं होतं की नोड वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटतो.

‘नाहीतर लोरा (लांब पल्ल्याचा, कमी वेगाचा रेडिओ) वापरा’ असंही शेवटी जोडलंय. सगळ्यात लांब पल्ल्याच्या सेटिंगला लोराचा वेग सेकंदाला तीनशे बिटही नाही. विषय संपला.

सिम-टॉवरशिवाय काम होतं, एवढं मात्र खरं. फक्त व्हिडिओचा हट्ट सोडावा लागतो. हालचाल टिपणाऱ्या पीआयआर सेन्सरने कॅमेरा जागा करावा, नोडनेच चित्र तपासावं आणि ‘गवा, २ वाजून १० मिनिटं’ एवढे मोजके बाइट पाठवावेत. मूळ चित्रण मेमरी कार्डात राहू द्या, सकाळी काढून बघा. थेट व्हिडिओच हवा असेल तर समोरासमोर नजर पोचेल अशी वाय-फाय लिंक, मोठी बॅटरी आणि सोलर पॅनेल लागेल. पॅनेल पोफळींच्या सावलीत चालणार नाही, तेव्हा दुकानात जाण्याआधी भाटाबाहेर (बागेबाहेर) उघड्यावरची जागा बघून ठेवा.