दिवाणखाना दिसला, घर कुठे दिसलं?

लंडनच्या 'म्युझियम ऑफ द होम' या घरांविषयीच्या संग्रहालयावरचा लेख वाचला. तिथल्या खोल्या पाहिल्या की गेल्या चारशे वर्षांतला सामान्य माणूस कसा राहायचा ते कळतं, हे त्यातलं वाक्य मला पटलं नाही. तिथे काळानुसार रांगेत मांडलेल्या १६३० पासूनच्या खोल्यांपैकी जुन्या खोल्या बहुतेक करून खाऊनपिऊन सुखी मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोल्या आहेत. खुर्च्या, आरसे, चहाची भांडी, सगळं देखणं. पण पाणी कोण भरत होतं, शेगडीतली राख कोण काढत होतं, धुणं कुठे वाळत होतं? घर म्हणजे निम्मं तर हेच की!

गंमत म्हणजे खरी सामान्य माणसं त्याच वास्तूत राहायची आणि लेखात त्यांचा उल्लेखही नाही. १७१४ साली गरीब वृद्धांसाठी बांधलेली ही १४ घरांची धर्मादाय वसाहत. संग्रहालय आलं ते थेट १९१४ साली. त्यातलं एक घर जुन्या रूपात जपलं आहे. झोपणं, रांधणं, आजारपण, सगळं एकाच खोलीत. मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती तिथेच. ते घर एरवी उघडं नसतं, ठरावीक वेळीच दाखवतात, तेव्हा जाणाऱ्यांनी आधी चौकशी करून जा.