फोटो काढला ना? मग झालं

आज सकाळी वेल्डरला लाइन माझ्या घरातून दिली. आम्ही तळमजल्यावर. एसीच्या पॉइंटवरून जाड वायर खिडकीतून बाहेर सोडली की ती थेट रस्त्याकडच्या गाळ्यांपर्यंत पोचते, म्हणून दरवेळी सगळे आमच्याकडेच येतात. गणपतीच्या माळांना, पाण्याच्या मोटारीला, आणि आज ओट्यावर खिळे ठोकायला.

खिळे म्हणजे तुमच्या-आमच्या भिंतीतले नव्हेत. वीतभर उंचीच्या, टोकाला तासलेल्या सळया, लोखंडी पट्टीवर ओळीनं जोडलेल्या. आमच्या बिल्डिंगचे रस्त्याकडचे दोन गाळे बरीच वर्षं बंद आहेत. त्यांच्या पुढच्या ओट्यावर दिवाळीपासून एक कुटुंब झोपायचं. नवरा, बायको, दोन पोरं. रात्री साडेनऊनंतर यायची, सकाळी सहाला अंथरुणं गोणीत भरून, गोणी कोपऱ्यात रचून निघून जायची. नवरा-बायको नाक्यावर उभे राहतात, मिळेल ते बिगारी काम करतात. मराठवाड्यातले आहेत एवढं बोलण्यावरून कळतं. त्यापलीकडे मी कधी विचारलं नाही. चार महिने माझ्या खिडकीपासून पंधरा फुटांवर झोपत होती, आणि मी विचारलं नाही.

पण डोकं फिरलं ते सळयांनी नाही. डोकं फिरलं ते ग्रुपवर.

सकाळी सव्वाआठला बी विंगमधल्या एका दादांनी फोटो टाकले. त्यांच्या कंपनीनं कुठल्याशा पाड्यावर घर बांधून दिलं, त्याच्या किल्ल्या देतानाचे. रंगवलेलं दार, झेंडूचं तोरण, एक म्हातारी किल्ली हातात धरून कॅमेऱ्याकडे न बघता उभी. खाली नमस्काराच्या हातांची रांग. "खरी देशसेवा." "अभिमान आहे." "डोळे पाणावले." मोजले मी, एकतीस. आणि वीस मिनिटांनी त्याच्याच खाली सेक्रेटरीकाकांचा मेसेज: आज ओट्याचं काम होणार आहे, गाड्या जरा पुढे लावाव्यात. त्यावर अंगठ्यांची रांग. तीच माणसं. डोळे पाणावले होते ना, ते पुसून झाल्यावर त्याच बोटानं अंगठा!

आता मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ऑफिसातल्या काही जणांनी ऐकली आहे, त्यांनी गाळून पुढे वाचावं.

२०१४ च्या जानेवारीत आमच्या ऑफिसनं आम्हां बावीस जणांना कर्जत तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर नेलं होतं. एक संस्था तिथं घरं बांधत होती, आम्ही एक दिवस श्रमदान करायचं. पांढरे टीशर्ट, टोप्या, बसमध्ये अंताक्षरी. पोचल्यावर गवंड्यानं दोरी बांधून दिली, माल कालवून दिला, आणि म्हणाला, लावा विटा. मी दोन तास खपून एका भिंतीचा थर लावला. इतका आनंद मला माझा फ्लॅट घेताना झाला नव्हता. थापी हातात धरून फोटो काढला. प्रोफाइलला होता तो तीन वर्षं, तुम्हीच लाइक केलाय.

जेवून परत आले तर घराची मालकीणबाई माझा थर उकलत होती. एकेक वीट काढून, ओला माल खरवडून घमेल्यात टाकून, वीट पुसून बाजूला ठेवत होती. माझ्या विटांचे सांधे खालच्या विटांच्या सांध्यांवर आले होते. भिंत तिथंच फाटते म्हणे. मी म्हटलं, अहो, सांगायचं ना मला. तिनं मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, "फोटो काढला ना? मग झालं."

टोमणा नव्हता तो. खरंच नव्हता. तिला वाटलं होतं की आमचं काम तेवढंच आहे, आणि ते झालंय. आता तिचं.

नंतर कळलं की ती बाई पोरवयापासून वीटभट्टीवर जाते. लाखांनी विटा थापल्या असतील तिनं. आणि मी तिला वीट कशी धरायची ते दाखवत होते!

घर बांधणाऱ्या संस्थांवर माझा राग नाही, हे आधीच सांगते, नाहीतर कमेंटमध्ये सुरू व्हाल. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही त्यातली सगळ्यांत मोठी. १९७६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मिलर्ड आणि लिंडा फुलर या जोडप्यानं सुरू केली, भारतात १९८३ पासून आहे. त्यांची मूळ कल्पना मला आजही आवडते: घर फुकट द्यायचं नाही. ज्याचं घर त्यानं स्वतः राबायचं, शेजाऱ्याच्या घरालाही हात लावायचा, आणि पैसे बिनव्याजी, हळूहळू फेडायचे. म्हणजे घेणारा मिंधा होत नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर १९८४ पासून त्यांच्याबरोबर काम करायला लागले. २००६ साली तर ते आपल्या लोणावळ्याजवळ आले होते, पाटण गावात. त्या एका आठवड्यात जगभरातून लोक जमले आणि शंभर घरांचं काम झालं. हॉलीवूडचा ब्रॅड पिटही येऊन गेला, त्यामुळे पेपरात कार्टरपेक्षा तोच जास्त. पण कार्टर फोटोपुरते हातोडी धरणारे नव्हते, सुतारकाम त्यांना खरंच येत होतं. २०१९ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, घरात पडून कपाळाला चौदा टाके पडले, आणि तशाच काळ्यानिळ्या डोळ्यानं हा माणूस नॅशव्हिलला घरं बांधायच्या कामावर हजर. असल्या माणसापुढे मी काय बोलणार.

त्यामुळे बी विंगमधल्या दादांवरही माझा राग नाही. ते गेले, त्यांनी सुट्टीचा दिवस दिला. मी गेल्या दहा वर्षांत पुन्हा गेलेही नाही. (एकदा गेले. सांगते पुढे.)

पण त्या "स्वतः राबायचं" मधली एक गोम मला त्या बाईमुळे कळली. जानेवारीत ती वाडीवर कशी, हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं. दिवाळीनंतर त्या वाड्या ओस पडतात. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं बिऱ्हाड भट्टीवर जातं ते पाऊस तोंडाशी येईपर्यंत. कल्याण, भिवंडी, पनवेल, पार कुठच्या कुठे. भट्टीवर नवरा-बायको जोडीनं राबतात, एक माती कालवणार, एक थापणार. त्या वर्षी ती घरासाठी मागं राहिली आणि नवरा थोरल्या पोराला घेऊन एकटाच गेला. विटा कमी पडल्या, उचल फिटली नाही. म्हणजे त्या घरात तिनं घाम घातला तो वेगळा, आणि वर एका हंगामाची मजुरीही घातली. किल्ली देतानाच्या फोटोत हे कुठे दिसणार?

आता सोसायटीच्या परवाच्या मीटिंगकडे येते, ओट्यावरच्या कुटुंबाला हटवायचं ठरलं ती. तिथं एका वहिनींनी ठासून सांगितलं, "त्यांचं गावाला घर आहे हो. मी विचारलंय. घरकुल मिळालंय त्यांना. इथं फुकट मिळतंय म्हणून पडलेत."

असेल. बरं, आहेच, मान्य. प्रधानमंत्री आवास योजनेत गावाकडे घराला १ लाख २० हजार मिळतात, किमान २५ चौरस मीटरचं घर. त्यांनी त्यात स्वतःचे, उसने घालून उभं केलं असेल. मग? ते घर उचलून नाक्यावर आणायचं का? गावात काम असतं तर कुणी हौसेनं आपली पोरं ट्रकच्या धुरात निजवली असती? वहिनी, तुमचंही गावाला घर आहे, रत्नागिरीला, आंब्याच्या झाडासकट. तुम्ही का इथं पडलाय?

हे मी मीटिंगमध्ये बोलले नाही. आत्ता टाइप करताना सुचतंय. तिथं मी वही उघडून बसले होते.

दुसऱ्यांदा गेले ती गोष्ट हीच. २०१६ मध्ये, फेब्रुवारीत, ऑफिसच्या सहलीहून येताना मी हट्टानं बस त्या वाडीकडे वळवली. म्हटलं, "आपलं" घर बघू. घराला कुलूप. पडवीत लाकडं रचलेली, दाराशी एक कोंबडं. शेजारचे एक आजोबा म्हणाले, भट्टीवर गेल्यात, शिमग्याला येतील दोन दिवस. बसमध्ये परत चढताना आमचा एक सहकारी हळूच म्हणाला, "बघ, घर दिलं तरी राहत नाहीत." आणि मी, आज लाज वाटते सांगायला, "हो ना" म्हणाले.

त्या पक्क्या घराची मालकीण त्या क्षणी कुठल्यातरी भट्टीवर, विटांच्या आडोशाला, गवताच्या झापात होती. तिला बेघर म्हणायचं की घरवाली? २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशातल्या बेघरांची मोजणी केली. रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, ह्यूम पाइपात झोपलेले. देशभरात साडेसतरा लाखांच्या वर भरले. डोक्यावर झाप असला की तुम्ही त्या आकड्यात नाही. भट्टीवरची बाई सुटली. आणि आमच्या ओट्यावरचे? वर गाळ्याचा छज्जा आहे बुवा. काय ठरवलं असतं त्या मोजणाऱ्यानं?

आणि ज्यांना घर "मिळतं" त्यांच्यातही तेच नशीबवान ज्यांच्या पायाखाली जागा आहे. कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत, नाहीतर वनखात्याच्या. पिढ्यान् पिढ्या राहतात, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचंच. हेच लोक खैराचा कात काढायचे, नावच त्यावरून पडलं. जंगल बंद झालं, कात गेला, राहिली भट्टी. आता कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये जनमन योजना आली, तीत घराला २ लाख आहेत. चांगलंच आहे. पण ते दोन लाख ठेवायचे कुठे, हवेत? जागेचा कागद नसेल तर सरकारी हप्ता अडतो, आणि संस्थासुद्धा कागद बघितल्याशिवाय विटा उतरवत नाहीत. त्यांनी तरी काय करावं, उद्या मालकानं जेसीबी आणला तर?

शहराचं तर बोलूच नका. १९८१ च्या पावसात मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांच्या झोपड्या मोडून त्यांना बसमध्ये घालून शहराबाहेर सोडायला सुरुवात झाली होती. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल. कोर्ट म्हणालं, पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, आणि माणूस फुटपाथवर राहतो तो काम जवळ असतं म्हणून. इतकं साधं. (आणि हे सगळं म्हणून शेवटी हटवायलाही परवानगी दिली, तेही आहेच.) शहरात दर लाख वस्तीमागे एक निवारा हवा असंही कोर्टानं नंतर सांगितलंय, माणशी ५० चौरस फूट असा नियम आहे. आमच्या शहराची लोकसंख्या तुम्हाला माहीत आहे. करा भागाकार, आणि मला एक तरी निवारा दाखवा जिथं नवरा, बायको आणि दोन पोरं एकाच खोलीत झोपू शकतील. बहुतेक ठिकाणी पुरुष वेगळे, बाया वेगळ्या. मग ते ओटाच बघणार.

हो, घाण व्हायची. एकदा धाकटं पोर गाळ्याच्या कडेला बसलं होतं, मी स्वतः बघितलंय, आणि मीही नाक मुरडलं होतं. बोलायला सोपं आहे, ठाऊक आहे मला. पण बंद गाळ्यामागच्या संडासाची किल्ली आमच्याच सोसायटीकडे आहे. वॉचमनच्या खिशात. चार महिन्यांत कुणाच्याही, माझ्याही, डोक्यात आलं नाही की ती किल्ली देता येईल. किल्ली देतानाचा फोटो काढला असता की, तोरण लावून.

फार चिडून लिहितेय ना. आता जे लिहायचंय ते लिहिताना मात्र तेवढा जोर येत नाहीये.

मी सोसायटीची खजिनदार आहे. ओट्याच्या कामाचं १४,५०० चं व्हाउचर माझ्या सहीनं निघालंय. मीटिंगमध्ये हात वर केले तेव्हा मी खाली वहीत बघत होते, पण मिनिट्समध्ये "एकमताने" लिहिलंय आणि ते मी वाचून सही केली. आज ठिणग्या उडत होत्या तेव्हा खिडकी लावून घेतली, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. वेल्डर पोरगेलासा होता. त्याला चहा दिला. तो म्हणाला, ताई, याच डिझाइनची ही महिन्यातली सहावी सोसायटी.

रात्री साडेनऊला ती चौघं आली. नेहमीसारखीच. मी दिवा बंद करून पडद्यामागून बघत होते. बाई ओट्यासमोर उभी राहिली, एका सळईला हात लावून बघितला. नवऱ्यानं काही विचारलं नाही, कुणाशी भांडला नाही. वॉचमननं त्यांच्या दोन गोण्या आत ठेवल्या होत्या, त्या दिल्या. मोठी पोरगी गोणीत हात घालून काहीतरी शोधत होती, तवा की काय, तो मिळाला. मग चौघं स्टेशनच्या दिशेनं गेली. पोरीच्या हातात तवा तसाच.

मी बाहेर गेले नाही. जाऊन काय म्हणणार होते?

आत्ता पावणेबारा. ग्रुपवर काकांनी पूर्ण झालेल्या ओट्याचा फोटो टाकलाय, दिव्याच्या उजेडात सळया छान चकाकताहेत. सत्तावीस अंगठे. आणि मला वेगळा मेसेज आहे: "ताई, वेल्डिंगचे अंदाजे किती युनिट झाले ते कळवा, उगाच तुमच्या बिलात नको, सोसायटी देईल."

मीटरचं सकाळचं रीडिंग मी घेतलेलं आहे. खजिनदार आहे ना.