कूलर विकणे आहे (कंडिशन चांगली, पंप सोडून)

कूलर विकायचा आहे एवढंच मी बोललो, तेही जेवताना, वरणात भात कालवत हळूच, तर बाबांचा घास हातातच थांबला. "काहून? काय बिघडलं त्याचं?" आता काय बिघडलं ते सांगायला बसलो तर भात गार होईल. पंप मागच्या नवतप्यातच गेला, फॅनचं बुशिंग झिजलं म्हणून चालू केला की शेजाऱ्यांना वाटते आमच्याकडे थ्रेशर लागला, आणि टाकीला खालून दोन ठिकाणी एमसील थापलेलं आहे. पण बाबांच्या मते कूलर एकदम चालू कंडिशनमधे आहे, फक्त चालवायचा नाही.

पुण्यामुंबईच्या लोकांना कूलर म्हटलं की ते प्लास्टिकचं चाकवालं खेळणं आठवते. आमचा तसा नाही बाप्पा. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असतो आणि २५ मे पासून नऊ दिवस नवतपा, म्हणून आमच्याकडे कूलर लोखंडी पत्र्याचा असतो, तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेला, तीन बाजूला गवताच्या ताट्या, खाली अँगलचा स्टँड आणि उचलायला दोन माणसं, त्यातलं एक रिकामटेकडं पाहिजे कारण तेच नीट धरते. यंदा आम्ही नवा घेतला हप्त्यावर. जुना छपरीत जाऊन बसला आणि जातायेता सगळ्यांचे गुडघे फोडू लागला, म्हणून म्हटलं विकून टाकू, हप्त्याला तेवढाच टेकू.

तर घरातल्या घरातच त्याला चार मालक निघाले. बाबांनी ६ हजार मोजले होते म्हणून पहिला हक्क त्यांचा. आईने त्याच्या टाकीत कांदे भरून ठेवलेत, तिन्ही बाजूंनी हवा लागते, कांदा सडत नाही, म्हणजे तिच्या हिशोबाने तो आता कूलर नाहीच. बहिणीने सासरहून फोन करून सांगितलं की विकणार असाल तर आधी मले विचारजा, आणि विचारलं तर म्हणे मले नोको, पण विचारायला पाहिजे होतं. चौथा मालक माझा काका, त्याचं म्हणणं एवढंच की ज्या दिवशी तो आणला त्या दिवशी ट्रॅक्टर त्याचा होता.

बायकोने मोबाईलवर जाहिरात टाकली, कांदे बाजूला काढून फोटो काढले, जिकडून गंज दिसत नाही तिकडून. भाव लिहिला २५००. दहा मिनिटात फोन आला, हिंदीतून, मैं मिलिटरी में हूं, पोस्टिंग यवतमाळला झाली, कूलर पसंद है, २५०० मंजूर. तिथेच माझी बायको सावध झाली, कारण आमच्याकडे माणूस रुपयाचा कोथिंबिरीचा जुडा घेतानाही दुकानदाराच्या पोराबाळांची चौकशी करून मग भाव पाडते, आणि हा बाबा न बघता, न हात लावता, कूलरचा आवाज न ऐकता पूर्ण पैसे देतो म्हणजे याच्या डोक्यात काही तरी आहे. त्याने एक क्यूआर पाठवला. म्हणे हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. बायको बचत गटाचं रजिस्टर लिहिते, तिच्या हातून एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. ती म्हणाली, "भाऊ, पैसे घ्याले पिन लागत नाही, पिन लागते द्याले." तो तरी ऐकेना, मॅडम आर्मी का सिस्टम अलग है. मग ती एकदम गोड आवाजात म्हणाली, "बरं मंग असं करा, तुमीच या इकडं, कूलर उचलाले दोन माणसं लागते, येताना एखादी तुकडी घेऊनच या." फोन कट. (सांगून ठेवतो, कोणाचे असे पैसे गेलेच तर सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर लगेच फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.)

मग बाबा म्हणाले भंगारात टाकू, निदान तो मराठीत तरी बोलते. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी मी टाकी घासायला घेतली. आमच्या बोअरच्या पाण्यात इतका क्षार आहे की टाकीच्या बुडाला बोटभर पांढरा थर बसलेला, पार सिमेंटसारखा. बाबांनी माझ्या हातातला खराटा काढून घेतला. "राहू दे ते. वजनात येते." मी काही बोललो नाही, वडिलांचा अनुभव आहे. भंगारवाला आला, त्याने ताट्या काढल्या, दोरीला बांधलेलं चुंबक पत्र्यावर फिरवलं, मोटर उघडून तांब्याची गुंडाळी आहे की ॲल्युमिनियमची ते नखाने खरवडून पाहिलं, आणि मग शांतपणे खिशातून छोटी हातोडी काढून टाकीच्या बुडाला खालून तीन ठोके मारले. सगळा क्षार खळकन सुटला. बाबा आभाळाकडे पाहू लागले. तो म्हणाला लोखंड २२ रुपये किलो, मोटर धरून साडेचारशे देतो. बाबांनी त्याला चहा पाजला आणि कूलर दिला नाही. साडेचारशेला विकण्यापेक्षा कांदे बरे.

खरं सांगू का, आमच्या घरात विकण्याचं काम जमते ते फक्त आईला, आणि तिच्या व्यवहारात पैसा नसतोच. कपड्यावर भांडे देणारी बाई येते डोक्यावर टोपलं घेऊन. माझी लग्नातली सफारीची पॅन्ट ती उन्हाकडे धरते, आरपार पाहते, गुडघ्यावरून अंगठा फिरवते, चेन वरखाली करते आणि बाजूला टाकते, जसं काही त्या पॅन्टमधे मी कधी चांगला दिसलोच नव्हतो. आई तिला काठाची साडी दाखवते, ती गंज (पातेलं) दाखवते, आई पोळ्यांचा डबा मागते, ती उठून चालायला लागते, आई "जाय मंग" म्हणते, ती फाटकापासून परत येते, असं ऊन कलेपर्यंत. यावेळी डबा मिळाला दोन साड्या, तीन पॅन्ट आणि एका चादरीत. पण झाकण वेगळं. झाकणाले अजून एक शर्ट लागन म्हणे, आणि दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी आत निघून गेलो. आईने जाताजाता तिला कूलरचंही विचारलं, तर तिने पदर तोंडाला लावून हसून घेतलं.

शेवटी गिऱ्हाईक नात्यातलंच निघालं, साडूचा चुलतभाऊ, शेजारच्याच गावचा. हा माणूस दरवर्षी कापूस घेऊन खरेदी केंद्रावर जातो, तिथे ओलावा ८ टक्क्याच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. तिथला सगळा राग त्याने माझ्या कूलरवर काढला. पंप नाही, कापले ३००. बुशिंग, कापले २००. एमसील पाहून तर त्याने बोटाने टोकरलं आणि बराच वेळ नुसता "हंऽऽ" करत राहिला. २५०० चे १५०० झाले. झाले तर झाले, म्हटलं द्या. तर म्हणे पीएम किसानचा हप्ता आला की. आता तो हप्ता वर्षाचे ६०००, त्यातले चार महिन्यातून एकदा २०००, आणि त्या दोन हजारावर किराणावाला, कृषी केंद्रवाला आणि त्याची बायको आधीच टपून बसलेले. मी म्हटलं मग बाकीचे? म्हणे सीतादही (कापूस वेचायच्या आधीची शेतातली पूजा) होऊ द्या, कापसाचा पहिला वेचा निघाला की. म्हणजे कूलर उन्हाळ्यात, पैसे दिवाळीच्या आसपास. बाबा मधेच म्हणाले, "नात्यात काय हिशोब करतं बे, घेऊन जा." मी बाबांकडे पाहिलं. हेच बाबा टाकीतला क्षार विकत होते.

बंडीत कूलर चढवला, बंडी आमचीच. स्टँडचे वेगळे पैसे मी धरले होते ते बोलायच्या आत स्टँड चढला. नव्या ताट्या पण गेल्या, "आता तुमाले काय कामाच्या." आईने टाकीतले कांदे काढून घेतले आणि रीत म्हणून पायलीभर परत त्याच्या पिशवीत घातले.

काल त्याचा फोन आला. मला वाटलं हप्ता आला. "भाऊ, कूलर पाणी फेकून राह्यला ना घरात, लेकराची वही भिजली. एखादी चक्कर मारा, आणि येताना टेस्टर आणजा, एमसील पण." मी म्हटलं पैशाचं? तर म्हणे, "या तं खरं आधी, चहा घेऊ, पैसे काय पयून जाते?"

एमसील ४० रुपयाला झालं आता. पेट्रोल धरलंच नाही.