पंधरा पर्सेंटाईल

परदेशात मूल झालं की दोन गोष्टी एकदम समजून घ्याव्या लागतात, बाळ आणि तिथली आरोग्यव्यवस्था, त्यातल्या त्यात बाळ सोपं, ते रडून सांगतं तरी.

पहिली फजिती वजनाच्या चार्टवर झाली. नर्स हसत म्हणाली, १५ पर्सेंटाईल. शाळेत मी कायम ९० च्या पुढे, आणि पोरगं आयुष्यातल्या पहिल्याच परीक्षेत नापास! घरी येऊन आयांच्या फेसबुक ग्रुपवर रडगाणं टाकलं. एकीने समजावलं, अगं हे मार्क नाहीयेत, १०० बाळांमधली १५ त्याच्याहून हलकी एवढाच अर्थ, आणि डॉक्टर आकड्यापेक्षा बाळ आपल्या रेषेने वाढतंय ना ते बघतात. खाली लगेच दुसरी, "आमचा ९५ वर आहे". कोणी विचारलं होतं का, पण असो.

मग आला ताप. बाळ ७ महिन्यांचं, रात्रीचे २, थर्मामीटरवर ३८.६. मला ताप म्हणजे फॅरनहाइटमधले १०१, १०२ एवढंच माहीत, आणि इथला थर्मामीटर सेल्सियसवाला, त्यामुळे ३८ बघून आधी वाटलं पोरगं गार पडलं की काय! नवऱ्याला उठवलं तर म्हणे, "९ ने गुण, ५ ने भाग, ३२ मिळव", आणि स्वतःच ते करता करता घोरायला लागला. ग्रुपवर मात्र निम्म्या जणी जाग्या, अंगावर पाजणाऱ्यांना कसली आलीय रात्र. कोणी म्हणे गार पाण्याने पूस, कोणी म्हणे अजिबात नको, एकीने तर मध्येच स्वतःच्या सासूचा विषय काढला. पण एक शहाणी बाई होती. म्हणाली, नर्सच्या हेल्पलाईनला फोन लाव, आणि 'खूप ताप आहे हो' असलं काही बोलू नकोस, बाळाचं वय, ताप किती आणि कधीपासून, कुठलं औषध किती एमएल दिलं आणि ओले डायपर किती झाले ते सांग. आणि हो, ३ महिन्यांच्या आतलं असतं तर ३८ लाच थेट डॉक्टर गाठायचा, ग्रुपवर विचारत बसायचं नाही.

नर्सने अगदी तेच प्रश्न विचारले. डायपरसकट! पेपर फुटल्यासारखी मी धडाधड उत्तरं दिली. पाजत राहा, श्वासाकडे लक्ष ठेवा, बाळ मलूल वाटलं तर लगेच या, म्हणाली.

पहाटे ताप उतरला, माझा जरा डोळा लागतोय तोवर नवरा उठून बसला.

"१०१.४८."